नंगीवलीचा उच्चार

गेल्या महिन्यात मुंबईहून माझी भाची घरी आली, ती हसतच. मोबाईलमधल्या नकाशाने रिक्षात आमच्या चौकाचं नाव मोठ्याने ‘नंगीवाली’ असं उच्चारलं होतं. “खाला, हे कसलं गं नाव?”

मंगळवार पेठेतल्या नंगीवली चौकाविषयी हा प्रश्न मला नवा नाही. शब्द ‘वाली’ नव्हे, ‘वली’. अरबीतून उर्दूत आलेला. वली म्हणजे अल्लाहच्या जवळचा माणूस, सत्पुरुष. त्याचं अनेकवचन औलिया. मराठीने त्याचाच अवलिया केला आणि एका माणसालाही तो लावला. इंग्रजी अक्षरांत मात्र वली आणि वाली सारखेच लिहिले जातात. मोबाईलने तेच वाचलं.

रात्री जेवताना यावरून वाद झाला. माझे दीर म्हणाले, “चूक लोकांचीच आहे. नंगिवली, नंगिवली करून नावाचा चुरा केला. पाटीवर ‘नंगी वली’ असं तोडून लिहायला हवं.” तालमीत वाढलेले मामू चिडले. “आमच्या आज्यापासून नंगिवलीच म्हणतोय. आता तू शिकवणार व्हय?” मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. उर्दूची बाई मी, निवाडा मीच करायचा.

वर्गात मी तलफ्फुजच्या, म्हणजे उच्चाराच्या बाबतीत कडक आहे. पण वर्गाबाहेर, जवळच्याच खासबागेचं नाव घेताना ‘ख’ आणि ‘ग’ घशातून कोण काढतं? मीही काढत नाही. ‘तालीम’ तर अर्थासकट बदलली. उर्दूत ती शिक्षण, कोल्हापुरात कुस्तीची जागा. त्याबद्दल कुणी तक्रार केलेली मी ऐकली नाही.

म्हणून माझा कौल मामूंच्या बाजूने. नंगिवली हा अशुद्ध उच्चार नाही, तो या पेठेचा उच्चार आहे. भाजीवाली, रिक्षावाला, शाळेची पोरं, ज्यांना उर्दूचं एक अक्षर येत नाही त्यांनी हे नाव रोज तोंडात घेतलं, म्हणून ते टिकलं. त्यांना आपण चुकीचं ठरवलं तर ते नाव फक्त आपलं उरेल. गावांची आणि शहरांची नावं बदलण्याच्या या काळात, फक्त आपलं उरलेलं नाव पुसायला वेळ लागत नाही.

‘नंगीवाली’चं तसं नाही. पेठेच्या उच्चारात ‘गी’ आखूड झाली, पण वली शाबूत राहिला. मोबाईलच्या उच्चारात वलीच गेला आणि थट्टा उरली. पहिला बदल वापरातून आला, दुसरा अज्ञानातून. पहिल्याला हात लावू नये, दुसरा तिथल्या तिथे दुरुस्त करावा. त्यासाठी मोठं काही लागत नाही. पत्ता देवनागरीत लिहावा, आणि पोरांना वली म्हणजे कोण ते सांगावं. आपल्याच मुलांना ते ठाऊक नसेल तर मोबाईलला काय दोष द्यायचा?

भाचीला अर्थ सांगितल्यावर तिचं हसू थांबलं. जाताना तिने रिक्षावाल्याला सावकाश, नीट ‘नंगीवली चौक’ असं सांगितलं. तो म्हणाला, “नंगिवलीतनंच जाऊया की, बसा.”

दीर काही बोलले नाहीत. मामू मिशीत हसले.