प्रवाळांच्या पेटींतील तांबडे कृमी

अमेरिकेंत न्यू जर्सी येथें मुलाच्या बिऱ्हाडीं राहावयास गेलेल्या एका भगिनी विचारतात: "आमच्या दिवाणखान्यांत खाऱ्या पाण्याची मोठी काचपेटी आहे. तींत मासे व जिवंत पोवळीं आहेत. हल्लीं तींत तांबूस चपट्या किड्यांचा नुसता सुळसुळाट झाला आहे. चिरंजीव म्हणतात, औषध आणून आजच ओततों. सूनबाई म्हणतात, औषधानें मुलांचे मासे मरतील. कोणाचें ऐकावें?"

दोघांचेंही ऐकावें. औषध घालावें, मात्र तें आजच घालूं नये. असें कां, हें कळण्यासाठीं प्रथम ह्या कृमीची ओळख करून घेऊं.

वर्णनावरून हा कॉन्व्होल्युट्रिलोबा रेट्रोजेम्मा असावा. नांव अवघड खरें, पण सार्थ आहे. लॅटिन भाषेंतील 'ट्रि' म्हणजे आपला 'त्रि'. ह्याच्या शेपटाकडे तीन पाळ्या दिसतात. 'रेट्रो' म्हणजे मागें आणि 'जेम्मा' म्हणजे कळी. ह्याच्या मागील टोकास कळी फुटते, ती सुटून पडते व तिचाच नवा कृमी होतो. जोडीदाराची गरज नाहीं. चारपांच मिलिमीटर लांबीचा एकच कृमी नव्या पोवळ्याबरोबर घरांत आला, तरी पुढें हजारों होतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनापासून शास्त्रज्ञ ह्या गटास खऱ्या चपट्या कृमींपासून वेगळा मानूं लागले. व्यवहारांत मात्र जुनें नांवच रूढ आहे.

हा कृमी पोवळें खात नाहीं. त्याच्या शरीरांत सूक्ष्म शैवाल असतें व उजेडाच्या साहाय्यानें तें त्याचें पोषण करतें; शिवाय तो पाण्यांतील बारीक जीवही टिपतो. परंतु बहुतेक पोवळ्यांचें पोषणही अशाच शैवालावर चालतें. कृमींचा थर अंगावर बसला कीं पोवळ्याचा उजेड अडतो व तें हळूहळू खंगतें.

ह्याहून मोठा धोका निराळा आहे. ह्या कृमींच्या अंगीं विष असतें. जिवंतपणीं त्याचा फारसा उपद्रव होत नाहीं. पण हजारों कृमी एकदम मेले, म्हणजे तें विष पाण्यांत उतरतें आणि कांहीं तासांत मासे दगावूं शकतात. सूनबाईंची भीति खरी आहे ती एवढ्यासाठीं. म्हणून आधीं संख्या घटवावी, मग औषध.

पहिले दोन आठवडे एक दिवसाआड बारीक नळीनें कृमी ओढून बादलींत काढावे. नळी तोंडानें ओढून सुरू करूं नये, हातमोजे घालावे. काढलेलें पाणी टाकून द्यावें आणि तितकेंच, त्याच क्षारतेचें व उष्णतेचें, नवें पाणी घालावें.

ह्याच काळांत अन्नावर नियंत्रण हवें. भरल्या घरांत आजोबा सकाळीं चिमूटभर खाद्य टाकतात, नातवंडें शाळेंतून येतांच टाकतात, आणि रात्रीं आणखी कोणाला तरी माशांची कींव येते! उरलेल्या खाद्यावर बारीक जीव माजतात व त्यांवर कृमी पोसतात. खाद्याचा डबा एकाच माणसाच्या स्वाधीन करावा.

कृमी विरळ झाल्यावर औषध घ्यावें. त्याचें प्रमाण अंदाजानें ठरवूं नये. पेटींत पाणी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ५० खोल असेल, तर गुणाकार २,७०,००० घन सेंटिमीटर, म्हणजे २७० लिटर. त्यांतून खडक व वाळूनें व्यापिलेली जागा वजा करावी. खालीं गाळणीचा हौद असल्यास त्यांतील पाणी मिळवावें. औषध घालण्यापूर्वींच पेटीच्या चतुर्थांशाइतकें नवें खारें पाणी तयार असावें व सक्रिय कोळसा हाताशीं असावा. औषध घातल्यावर तेथेंच बसून राहावें. कृमी सुटून तरंगूं लागतांच ते नळीनें काढावे. वेष्टनावर सांगितलेला वेळ होतांच कोळसा लावावा व पाणी बदलावें. मासे धापा टाकूं लागले, तर वेळेची वाट न पाहतां हें करावें. चुकून राहिलेल्या कृमींसाठीं वेष्टनावरील सूचनेप्रमाणें पुन्हां मात्रा द्यावी.

कृमी खाणारे मासे विकत मिळतात. सहा पट्ट्यांचा रास मासा त्यांत प्रसिद्ध आहे. पण एखादा खातो, एखादा ढुंकूनही पाहत नाहीं. त्याच्यावर भरंवसा ठेवूं नये.

पुढें नवें पोवळें आणल्यावर तें औषधी पाण्यांत बुडवून कांहीं आठवडे वेगळ्या भांड्यांत ठेवावें. ॲक्रोपोरा जातीच्या फांदीदार पोवळ्यांविषयीं अधिक जपावें. त्यांचें मांस खाणारा चपटा कृमी निराळा असतो. तो पोवळ्याच्याच रंगांत लपतो, बुडाकडील उघड्या सांगाड्यावर अंडीं घालतो, आणि त्या अंड्यांना औषधी पाणी बाधत नाहीं. तीं खरवडून काढावीं व बुडविणें दर आठवड्यास पुन्हां करावें.

हें वाचून येथील हौशी मंडळींनीं किनाऱ्यावरून पोवळें उचलून आणूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत प्रवाळांचा समावेश २००१ सालीं झाला. तो गुन्हा ठरतो.

भगिनींनीं चिरंजीवांना सांगावें कीं औषधाची बाटली आणा, पण दोन आठवडे कपाटांतच राहूं द्या. तोंवर नळी, बादली आणि खाद्याच्या डब्याचें झांकण, एवढीं साधनें पुरेशीं आहेत.