राहुरीचे बियाणे कोणाच्या पैशाचे?

शेतकरी बंधूंनो, शेतकरी कर देत नाही, असे शहरात बसून पुष्कळ जण म्हणतात. परंतु खताची गोणी, पंपाचे डिझेल, लेकराचे कापड, न्हाणीतला साबण, यांपैकी ज्या ज्या जिनसेस आपण हात लावतो, तिच्या किमतीत सरकारचा कर असतोच. सुतार, लोहार, चांभार यांच्याही घरची हीच गत आहे. या पैशातून सरकार विद्यापीठांस व संशोधनास अनुदान देते. मग ते कोणाच्या पदरात पडते, हे विचारणे आपला हक्क नव्हे काय?

महात्मा जोतिरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. सरकारने पाणी अडवावे, जनावरांची चांगली पैदास करावी, कुणब्याच्या मुलांना शेतकीचे ज्ञान द्यावे, असे उपाय त्यांनी त्यात सांगितले. पुढे ८५ वर्षांनी, म्हणजे १९६८ साली, महाराष्ट्रातले पहिले कृषी विद्यापीठ निघाले. त्याचे ठाणे आपल्याच नगर जिल्ह्यात राहुरीस झाले व जोतिरावांचेच नाव त्यास मिळाले. त्याकरिता आसपासच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, हे विसरून चालणार नाही.

या ठाण्याने आपणांस काय दिले? संगमनेर-राहात्याच्या बागांत पिकणारा भगवा डाळिंब राहुरीचा. चोपण जमिनीतही तग धरणारा फुले २६५ ऊस याच विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्राचा. फुले संगम सोयाबीन कसबे डिग्रजचा. फुले त्रिवेणी गाय आणि हलक्या-भारी रानाकरिता रब्बी ज्वारीचे निरनिराळे वाण, हीही त्याचीच कमाई.

कोणी म्हणेल, हे काम कंपन्या करतील, सरकारने कशाला पैसा घालावा? याचे उत्तर ज्वारीच्या कणसात आहे. संकरित बियाणे दरसाल विकत घ्यावे लागते, म्हणून कंपनीस त्यात नफा असतो. रब्बी ज्वारीच्या सरळ वाणाचे बी मात्र शेतकरी कणगीत राखतो आणि पुढल्या साली तेच पेरतो. घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा व देवघेवीचा त्याचा हक्क २००१ च्या कायद्याने मान्य केला आहे. मग पारनेर-पाथर्डीच्या मुरमाड रानातल्या ज्वारीकरिता कोणती कंपनी दहा-दहा वर्षे खपेल? कंपनी दुष्ट आहे असे आम्ही म्हणत नाही. तिचा धंदाच तसा आहे. जेथे नफा नाही पण भाकर आणि कडबा आहे, तेथे सरकारनेच उभे राहिले पाहिजे.

आता सरकारच्या थैलीकडे पाहू. २०२०-२१ साली आपल्या देशाने एकंदर संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाचा शेकडा ०.६४ इतकाच भाग खर्चला. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने खासगी उद्योगांच्या संशोधनाकरिता स्वस्त व लांब मुदतीच्या कर्जाची १ लाख कोटींची योजना मंजूर केली. त्याच्या आदल्या महिन्यात राज्य सरकारने शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्याचे धोरण ठरवून पहिल्या तीन वर्षांकरिता ५०० कोटी रुपये काढले. आम्ही यंत्रविद्येचे वैरी नाही. परंतु पीक तहानले आहे, एवढे यंत्र सांगेल. कमी पाण्यावर येणारे बी ते आपल्या पोटातून काढून देणार नाही. ते माणसाने वर्षानुवर्षे रानात बसून निवडावे लागते. आणि त्याच माणसांच्या जागा कृषी विद्यापीठांत रिकाम्या पडत आल्या आहेत. चौथ्या वर्षी शास्त्रज्ञ निवृत्त झाला व खुर्ची तशीच राहिली, की मागल्या चार वर्षांची मेहनतही मातीत जाते. बैल न घेता नुसती नवी घुंगरे घेण्याचा हा प्रकार आहे.

विद्यापीठही अगदी निर्दोष नाही. बढतीपुरते निबंध लिहावेत आणि शेतकऱ्याने मात्र वर्षातून एकदा शिवारफेरीस येऊन टोपी हलवावी, ही रीत बरी नव्हे. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण गावरान बियाणी राखली म्हणून २०२० साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. शहाणपण भिंतीच्या दोन्ही बाजूंस असते.

सबब आमचे मागणे असे: रिकाम्या जागा भराव्या. कोणत्या प्रश्नावर संशोधन करावयाचे, हे ठरविताना कोरडवाहू शेतकऱ्यास विचारावे व प्रयोग त्याच्या रानात करावेत. अवजार करताना गावच्या सुतार-लोहारास सोबत घ्यावे, म्हणजे मोडले तर गावात दुरुस्त होईल. सरकारी पैशाने निघालेले बी कंपनीस विकावयास दिले, तर त्याच्या किमतीस लगाम घालावा. आणि अनुदानाचा हिशेब मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा.

बंधूंनो, येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा व सरकारकडे धाडा. आपण मागितल्याविना कोणी देणार नाही. जोतिरावांचे नाव राहुरीच्या फाटकावर आहे. ते सरकारच्या हिशेबाच्या वहीतही दिसले पाहिजे.