दाखल्यावरचा वर्तणुकीचा रकाना

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर प्रगतीचा एक रकाना असतो आणि वर्तणुकीचा एक. वर्तणुकीपुढे बहुतेक सगळ्यांच्याच नशिबी ‘चांगली’ असते आणि ते कोणी फारसे वाचतही नाही. पण रकाना असतो. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या क्रमवारीत तो नाही. आणि ज्यांनी तो भरायचा, त्यांचाच जीव क्रमवारीत अडकलेला आहे.

हा फुटबॉल आपला कोल्हापूरचा किंवा गोव्याचा नव्हे. अंडाकृती चेंडू, डोक्यावर हेल्मेट आणि चेंडू पायापेक्षा हातातच अधिक. खेळणारे विद्यार्थी, पण मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एका वेळी लाखाहून अधिक माणसे बसतात. मिशिगन आणि शेजारच्या राज्यातले ओहायो स्टेट यांची चुरस १८९७ पासूनची. आपल्याकडची मुले या विद्यापीठांत शिकायला जातात, सुट्टीत पिवळ्या ‘एम’चा टी-शर्ट घालून घरी येतात आणि आजीला वाटते, असेल एखादी कंपनी!

संघ शंभराहून अधिक आणि प्रत्येकाचे सामने हंगामात जेमतेम डझनभर. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणे अशक्य. म्हणून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १९३६ पासून पत्रकारांची मते घेऊन दर आठवड्याला क्रमवारी लावते. १९९७ च्या हंगामात तर पत्रकारांनी मिशिगनला पहिले ठरवले आणि प्रशिक्षकांनी नेब्रास्काला. एका म्यानात दोन तलवारी! पुढे १९९८ पासून संगणकाची मदत घेतली गेली, २०१४ च्या हंगामापासून चार संघांची बाद फेरी आली आणि २०२४ पासून बारांची. तरी त्या फेरीत कोणाला घ्यायचे, याचा शेवटचा शब्द एका समितीचा. समिती जय-पराजय पाहते, प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा पाहते. खेळाडूची वर्तणूक पाहणे तिचे कामच नव्हे. ते काम विद्यापीठाचे. गोम आहे ती इथेच.

सप्टेंबर १९९५. नेब्रास्काचा लॉरेन्स फिलिप्स हा देशातल्या उत्तम धावपटू खेळाडूंपैकी एक. त्याने आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीला मारहाण केली. तीही त्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी. प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांनी त्याला सहा सामने बाहेर बसवले आणि मग परत घेतले. २ जानेवारी १९९६ च्या अंतिम सामन्यात तो १६५ यार्ड धावला, नेब्रास्काने फ्लोरिडाला ६२-२४ असे हरवले आणि पहिला क्रमांक राखला.

ऑस्बोर्न यांची बाजू ऐकली पाहिजे. हा मुलगा कॅलिफोर्नियातल्या अनाथ-निराधार मुलांच्या वसतिगृहात वाढलेला. फुटबॉलची शिस्त हाच त्याला सावरणारा एक धागा आहे, तोही तोडला तर उरेल काय, असे त्यांचे म्हणणे. त्यात माया नव्हती असे मी म्हणणार नाही. पण मायेचा निर्णय आणि फायद्याचा निर्णय एकच निघाला, की तो निर्णय दुसऱ्या कोणी तरी तपासावा लागतो. आणि मारहाण झालेल्या त्या मुलीचे विद्यापीठ काहीच देणे लागत नव्हते काय?

मी उभे आयुष्य बँकेत काढले. तिथे एक साधा नियम असे. ज्याने कर्ज मंजूर केले, त्याच्याच हाती त्या खात्याची तपासणी द्यायची नाही. मॅनेजर अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे. खाते बुडीत निघाले तर त्याच्याही शाखेचा आकडा घसरतो म्हणून. प्रामाणिक माणसालाही अशा वेळी खाते बरेच दिसू लागते. कॉलेज फुटबॉलमध्ये प्रशिक्षकच कर्ज देतो आणि तोच तपासणी अधिकारी!

विद्यापीठाला कठोर होता येत नाही असे नाही. २९ डिसेंबर १९७८ रोजी ओहायो स्टेटचे वुडी हेस यांनी भर सामन्यात क्लेमसनच्या खेळाडूला ठोसा मारला. अठ्ठावीस हंगामांचा हा दबदब्याचा प्रशिक्षक, पण दुसऱ्याच दिवशी त्यांना घरी पाठवण्यात आले. अर्थात त्या साली त्यांचा संघ पहिल्या क्रमांकाच्या जवळपासही नव्हता आणि मिशिगनकडून सलग तीन वर्षे हार झाली होती. संघ अव्वल असता, तर?

अलीकडचेच पाहा. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी दुसऱ्या क्रमांकावरच्या ओहायो स्टेटला मिशिगनने त्यांच्याच मैदानावर १३-१० असे हरवले. विजेत्यांनी मैदानाच्या मध्यभागी आपला झेंडा रोवण्याचा प्रयत्न केला, हाणामारी जुंपली आणि पोलिसांना मिरीचा फवारा मारावा लागला. दोन्ही विद्यापीठांना एकेक लाख डॉलर दंड झाला, म्हणजे सुमारे ८५ लाख रुपये. पण लाख-लाख प्रेक्षक बसवणाऱ्या विद्यापीठाला हा दंड म्हणजे दर्या में खसखस. ओहायो स्टेट क्रमवारीत घसरले ते हरल्यामुळे. तरीही बारांत त्यांचा समावेश झाला आणि २० जानेवारी २०२५ रोजी नोत्र दामला ३४-२३ असे हरवून ते राष्ट्रीय विजेतेही झाले.

क्रमवारीत वर्तणुकीचे गुण मिळवा, असे माझे म्हणणे नाही. तसे केले तर तिथेही ‘चांगली’चाच शिक्का बसेल. मागणी एवढीच, की गुन्ह्याचा आरोप असलेला खेळाडू मैदानात उतरावा की नाही, हे त्याच्या प्रशिक्षकाने ठरवू नये. ज्याला सामन्याच्या निकालाशी देणेघेणे नाही, अशा माणसाने ठरवावे.

यात त्या मुलांचेही हित आहे. फिलिप्सला अंतिम सामना मिळाला, व्यावसायिक संघही मिळाला. पुढे आणखी गुन्हे घडले, तीस वर्षांहून अधिक शिक्षा झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये तुरुंगातच त्याचा अंत झाला. वय अवघे चाळीस. १९९५ साली कोणी त्याला कायमचे बाहेर ठेवले असते तर तो वाचला असता, असे छातीठोकपणे कोण सांगणार? पण ज्यांनी त्याला वाचवायचे, त्यांना त्या हिवाळ्यात तो मैदानात हवा होता, एवढे मात्र खरे.