फावल्या वेळचे उद्योग : विमानाचें नांव-गोत्र

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं चार बोटें रुंदीच्या एका कागदावरून दोन दिवस वाद चालला होता. पुतण्यानें फॉकर कारखान्याच्या एफ-७ या जुन्या डच प्रवासी विमानाची प्रतिकृति जुळवून रंगविली, तीवर अक्षरें चिकटविलीं आणि खालच्या लांकडी पट्टीवर लिहिलें, ‘आम्स्टरडॅम ते बटाव्हिया, १९२४’. काम मोठें नीटस झालें होतें. दादांनीं चष्मा पुसून तें दोनदां न्याहाळलें. परंतु पंखावरील अक्षरांचा आरंभ ‘पी-एच’ असा होता, आणि हीं अक्षरें त्या विमानाचीं नव्हेत, असें आमच्या तोंडून निघून गेलें. झालें! “काका, दोन अक्षरांनीं काय बिघडतें? विमान तर तेंच आहे ना?” असा रोकडा सवाल आला.

ज्या घरांत हा छंद अद्याप शिरलेला नाहीं, त्यांच्यासाठीं दोन शब्द. प्रतिकृतीचे भाग सांच्यांतून निघतात, आणि एका सांच्याचीं शंभर विमानें एकमेकांपासून ओळखूं येत नाहींत. नोंदणीचीं अक्षरें, कंपनीचें नांव, शर्यतीचा आंकडा हीं हातानें रंगविणें कठीण. खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याच्या मापांत नाकावरचें नांव मुंग्यांच्या रांगेएवढें होतें. म्हणून तीं एका अतिपातळ पापुद्र्यावर छापलेलीं मिळतात. पापुद्रा आणि कागद यांच्यामध्यें पाण्यांत विरघळणारा डिंक असतो. कागद भिजला कीं पापुद्रा सुटतो आणि सरकवून जागेवर बसवितां येतो. यालाच डेकल म्हणतात. विमानाचा प्रकार सांच्यानें ठरतो. पण तें अमुकच विमान, अमुक दिवशीं उडालेलें, हें सांगणारें दुसरें कांहीं त्या प्रतिकृतीवर नसतें.

आतां त्या दोन अक्षरांविषयीं. हॉलंडच्या विमानांच्या नोंदणीस आरंभीं ‘एच-एन’ हीं अक्षरें असत. १९२९ सालीं त्यांच्या जागीं ‘पी-एच’ आलीं. १ ऑक्टोबर १९२४ रोजीं आम्स्टरडॅमहून निघालेलें फॉकर ‘एच-एनएसीसी’ होतें. व्हॅन डर हूप आणि त्यांचे दोन सोबती त्यांत होते. बल्गेरियांत फिलिपोपोलिसजवळ, म्हणजे आजच्या प्लोव्हदिवजवळ, इंजिन बिघडून त्यांना खालीं उतरावें लागलें आणि प्रवास तेथेंच संपल्यासारखा झाला. नव्या इंजिनाचा भार उचलला तो हॉलंडमधील एका सचित्र साप्ताहिकानें! (नियतकालिकाचा पैसा असाही खर्च होऊं शकतो, हें आमच्या व्यवस्थापकांच्या नजरेस आणून देण्याचा मोह आवरत नाहीं.) महिनाभर खोळंबून तें विमान पुन्हां उडालें आणि कराची, कलकत्ता करीत २४ नोव्हेंबरला बटाव्हियास, आजच्या जकार्तास, पोहोंचलें. हॉलंडपासून तेथवरचें तें पहिलेंच उड्डाण. त्यावर ‘पी-एच’ लिहिणें म्हणजे पांच वर्षें पुढचा शिक्का मारणें होय.

मातोश्री कोपऱ्यांत माळ ओढीत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “संकल्पांत दुसऱ्याचें नांव-गोत्र उच्चारलें तर पुण्य कोणाच्या पदरीं पडायचें रे?” वाद त्यानें मिटला नाहीं; पण पुतण्या गप्प झाला खरा.

त्या रात्रीं आम्हीं त्याला ‘उइव्हर’ची हकीगत सांगितली. उइव्हर म्हणजे करकोचा. के. एल. एम. या डच कंपनीनें १९३४ सालीं घेतलेलें हें डीसी-२ जातीचें विमान. घडण अमेरिकेंतील डग्लस कारखान्याची, परंतु नांव आणि कीर्ति डच. त्या ऑक्टोबरांत लंडन ते मेलबर्न अशी मोठी शर्यत झाली, तींत तें तीन उतारू व टपाल घेऊन उतरलें. त्याचा आंकडा ४४. बगदाद, अलाहाबाद, सिंगापूर असे टप्पे घेत तें ऑस्ट्रेलियांत पोहोंचलें आणि शेवटच्या रात्रीं वादळांत वाट चुकलें. खालीं ऑल्बरी नांवाचें गांव होतें. गांवकऱ्यांनीं रस्त्यांवरील दिव्यांची उघडझाप करून तारायंत्राच्या संकेतांनीं आपल्या गांवाचें नांव आकाशाकडे कळविलें. रेडिओवरून मोटारवाल्यांस घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर बोलाविण्यांत आलें, आणि त्यांच्या दिव्यांच्या उजेडांत विमान सुखरूप उतरलें. सकाळीं तें चिखलांत रुतलेलें आढळलें, तेव्हां लोकांनीं दोर लावून ओढून काढलें. एवढें होऊनही शर्यतींत त्याचा दुसरा क्रमांक लागला, आणि सवलतीच्या हिशेबानें पहिला!

दोनच महिन्यांनीं, २० डिसेंबर १९३४ रोजीं, नाताळचें टपाल घेऊन बटाव्हियाकडे जातांना उइव्हर इराकच्या वाळवंटांत रुतबाजवळ कोसळलें. आंतील सातही माणसें गेलीं. आज हॉलंडमध्यें लेलिस्टाट येथील विमानसंग्रहालयांत उइव्हर म्हणून जें विमान दिसतें, तें अमेरिकन नौदलासाठीं बनलेलें दुसरेंच डीसी-२ आहे. त्यावर उइव्हरचीं अक्षरें रंगविलेलीं आहेत. पुतण्या हें ऐकून बराच वेळ कांहीं बोलला नाहीं.

डेकल निवडतांना उपयोगी पडेल अशी एक खूण येथें सांगून ठेवतों. के. एल. एम.च्या त्या काळच्या पुष्कळ विमानांना पक्ष्यांचीं नांवें होतीं, आणि रोमन लिपींत नोंदणीचें शेवटचें अक्षर तेंच नांवाचें पहिलें अक्षर असे. पी-एच-एजेयू तें उइव्हर. पी-एच-एआयपी तें पेलिकान. पी-एच-एएलआय तें इबिस. जोडी जुळली नाहीं तर कात्री लावण्यापूर्वीं थांबावें. इबिसच्या बाबतींत तर अधिकच जपावें. महायुद्धांत त्याचीं डच अक्षरें जाऊन इंग्लंडचीं आलीं, आणि १ जून १९४३ रोजीं लिस्बनहून इंग्लंडकडे येतांना जर्मन विमानांनीं तें पाडलें तेव्हां त्यावर तीं इंग्रजी अक्षरेंच होतीं. सतरा जण बुडाले. युद्धापूर्वींचीं अक्षरें लावून खालीं १९४३ लिहूं नये.

चिकटविण्याच्या कामांत घाई हाच मोठा शत्रु. रंग खरखरीत असेल तर पापुद्र्याखालीं हवा अडकून पांढुरकी चकाकी दिसते. म्हणून आधीं तकतकीत रोगण द्यावें व तें पुरतें वाळूं द्यावें. अक्षर कडेला लागून कापावें, कोमट पाण्यांत बुडवून बाहेर ठेवावें आणि आपण होऊन सरकेपर्यंत वाट पाहावी. नखानें ओढूं नये. ओल्या जागेवर बसवून मऊ फडक्यानें मध्यापासून कडेकडे दाबावें. बुडबुडा राहिलाच तर सुईचें टोंक पुरे. जुना कागद पिवळा पडला असेल तर खिडकीच्या कांचेला चिकटवून कांहीं दिवस ऊन द्यावें, पिवळेपणा पुष्कळ उतरतो. फार जुना असल्यास पाण्यांत त्याचे तुकडे होतात. त्यावर अगोदर पारदर्शक रोगणाचा हात फिरवावा.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं पुतण्यानें चिकटपट्टी दाबून दाबून ‘पी-एच’ काढलीं. डाव्या पंखाचा रंगही थोडा निघाला, तो दादांनीं स्वतः लावून दिला. कागदाच्या खालच्या कोपऱ्यांत ‘एच-एनएसीसी’चा संच शिल्लक होताच. हें लिहीत असतां तीं अक्षरें वाळत आहेत, आणि एका पंखावरचें ‘सी’ उडूं नये म्हणून भर उन्हाळ्यांत माजघरांतील पंखा बंद ठेवण्याची आज्ञा झाली आहे.