सोयाबीनला भाव नाही, मग गाईला द्यावे का?

२०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये प्रति क्विंटल आहे. बाजार समित्यांत मात्र बहुतेक माल त्याहून कमी दराने गेला. त्यातच सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातील पीक भिजले. हमीभाव खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के आहे. त्यामुळे 'पडेल भावात विकण्यापेक्षा गाईला घालू' असा विचार अनेक पशुपालक करतात. तो चुकीचा नाही, पण प्रमाण सांभाळावे लागते.

सोयाबीनमध्ये ३६ ते ४० टक्के प्रथिने आणि १८ ते २० टक्के तेल असते. व्यायल्यानंतर पहिले दोन-अडीच महिने गाय दूध जास्त देते, पण तेवढे खात नाही. तेव्हा तेलातील ऊर्जा उपयोगी पडते.

मर्यादा किती?

समजा, गाय दिवसाला १२ किलो शुष्क पदार्थ खाते. नेहमीच्या चारा-खुराकात साधारण ३ टक्के, म्हणजे ३६० ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात. एकूण प्रमाण ६ टक्क्यांच्या, म्हणजे ७२० ग्रॅमच्या आत ठेवावे. एक किलो सोयाबीनमधून किमान १८० ग्रॅम तेल मिळते. सरकीतूनही जवळपास तेवढेच मिळते. म्हणजे दोन्ही एकेक किलो दिले, की मर्यादा संपली.

जास्त तेलामुळे कोटीपोटातील जिवाणूंचे काम मंदावते, चारा नीट पचत नाही आणि दुधाची फॅट उतरते. लिटर तेवढेच दिसतात, पण ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या खाली दूध गेले की दरात कपात होते. सोयाबीनमध्ये वाचवलेले पैसे दुधात जातात.

हे पाळा

- सोयाबीन भाजून, भरडून द्या. सुरुवात पाव किलोने करा आणि आठ-दहा दिवसांत वाढवा. एक किलोच्या पुढे जाऊ नका.
- कच्चे सोयाबीन आणि युरिया एकत्र देऊ नका. अमोनियाची विषबाधा होऊ शकते.
- जेवढे सोयाबीन वाढवाल, त्या प्रमाणात पेंड कमी करा. खनिज मिश्रण चालू ठेवा.
- बुरशी लागलेला माल अजिबात देऊ नका. त्यातील अफ्लाटॉक्सिन भाजूनही पूर्ण जात नाही आणि दुधात उतरते.

हमीभावाने विकता येणारा चांगला माल विकावा. किंचित ओला, पण बुरशी नसलेला माल वाळवून खुराकात वापरावा. दर आठवड्याला डेअरीच्या पावतीवरील फॅट पाहा. ती उतरू लागली, तर सोयाबीन लगेच कमी करा.