घराची शाळा करू नका : नवी मुंबईतील पालकांस जाहीर विनंती



ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत कोणत्याही सेक्टरात सायंकाळी सहाच्या सुमारास फेरफटका मारला, तर सोसायटीच्या फाटकावर, जिन्याच्या तोंडाशी आणि विजेच्या खांबावर ज्युनियर केजीपासूनच्या शिकवण्यांच्या पाट्या लटकलेल्या दिसतात, आणि ज्या वयात खालच्या मैदानात धावावयाचे त्या वयाची मुले पाठीवर दप्तर घेऊन ते जिने चढताना दिसतात. सकाळी शाळा, सायंकाळी शिकवणी, आणि शिकवणीहून परतल्यावर जेवणापूर्वी आईच्या अगर वडिलांच्या देखरेखीखाली वहीची दोन पाने, असा दिनक्रम साडेचार वर्षांच्या जिवास लावून देण्यातच त्याचे हित आहे, अशी आपल्यापैकी अनेकांची प्रामाणिक समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे, मुलास अपायकारक आहे, आणि ज्या शालेय प्रगतीच्या नावाने हा सारा खटाटोप चालतो त्या प्रगतीलाच ती मारक आहे, एवढे निःसंदिग्ध शब्दांत सांगण्यासाठी हे पत्रक काढले आहे.

प्रथम त्या वहीच्या पानाकडेच जवळून पाहावे. पेन्सिल मुठीत आवळलेली असते, दाबाने अंगठ्याचे नख पांढरे पडलेले असते. पहिल्या ओळीतला ‘क’ बरा उतरतो, तिसऱ्या ओळीत तो एका बाजूस कलतो, पाचव्या ओळीत रेघ सोडून खाली घसरतो, आणि मग कागद विरेपर्यंत खोडरबर चालवून तोच ‘क’ पुन्हा काढण्याची सक्ती होते. आपण त्याला आळस म्हणतो, लक्ष नाही म्हणतो, शेजारच्या मुलीचे अक्षर पाहा म्हणतो. वस्तुतः माणसाच्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मसमयी ती सारी कूर्चेची असतात आणि पुढे एकामागून एक इतक्या सावकाश टणक होत जातात की, त्यांतील शेवटच्या हाडात अस्थी बनण्यास आरंभच मुळी साधारणतः आठव्या ते बाराव्या वर्षाच्या दरम्यान होतो. ज्या हाताची घडणच अद्याप पुरी झालेली नाही, त्या हाताकडून पाने वसूल करावयाची आणि ती न मिळाल्यास मुलास दोष द्यावयाचा, हा न्याय नव्हे.

लहान मुलावर लेखन न लादता त्यास खेळातून व हातच्या कामातून शिकू द्यावे, हा विचार कोणा परक्याचा नवा छंद आहे, असे कोणी समजू नये. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेले गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगर येथे बालमंदिर काढले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे १९४५ साली अनुताई वाघ यांच्या साथीने बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि १९५७ साली ते कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. बोर्डी आणि कोसबाड ही गावे आज पालघर जिल्ह्यात मोडत असली, तरी २०१४ पर्यंत ती आपल्याच ठाणे जिल्ह्याच्या हद्दीत होती. मॉन्टेसोरी पद्धतीचे महागडे साहित्य खेड्यास परवडणारे नव्हते, म्हणून या बायांनी शंख, शिंपले, बिया, खडे आणि पाने हेच साहित्य मानले; मुले शाळेत येत नाहीत असे पाहून त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या पोरांसाठी ती कुरणात भरवली. ज्यांच्या घरी सात पिढ्यांत कोणी पाटीला हात लावला नव्हता, अशा मुलांच्या शिक्षणाचा पाया त्यांनी त्या मुलांच्या परिचयाच्या वस्तूंवर, त्यांच्या बोलण्यावर आणि त्यांच्या हातच्या कामावर घातला. ज्या जिल्ह्याच्या उत्तर टोकास हे घडले, त्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, सिडकोने आखलेल्या या सुशिक्षित नगरात, आपण त्याच्या नेमके उलट वागत आहोत.

राज्यकर्त्यांनी तरी याबाबत मौन पाळले आहे काय? १९९३ साली प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने आपल्या अहवालात शिशुवर्गातील मुलांवर लेखन, वाचन आणि अंक यांचे औपचारिक अध्यापन लादणे ही त्यांच्यावरील हिंसा मानली आणि त्या वर्गाच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या परीक्षा व मुलाखती बंद कराव्यात अशी शिफारस केली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशाच्या वेळी मुलाची अगर पालकांची चाचणी घेण्यास मनाई केली. पहिली-दुसरीच्या मुलांस गृहपाठ देऊ नये, अशी सूचना केंद्र सरकारने २०१८ च्या नोव्हेंबरात राज्यांस दिली. २०२० च्या दप्तरविषयक धोरणाने पूर्वप्राथमिक वर्गांस दप्तरच नको असे ठरवले. आणि त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ हा एकच पायाभूत टप्पा मानून तेथील शिक्षण खेळातून व कृतीतून व्हावे असे नमूद केले. आता मी विचारतो की, जो गृहपाठ सात वर्षांच्या मुलास वर्ज्य मानला गेला, तो त्याच्या साडेचार वर्षांच्या धाकट्या भावास कोणत्या न्यायाने लागू होतो? सरकारी कागद कपाटात राहतो आणि वहीचे पान घरोघर पोहोचते, याचे कारण ते पान आपणच मागून घेतो. ज्या बाई वर्गात मुलांना गाणी शिकवतात त्यांना आपण पालकसभेत विचारतो की, “लिहायला कधी घेणार?” आणि पालक दुसऱ्या शाळेत जातील या धास्तीने शाळा झुकते. तेव्हा केवळ शाळेस दोष देऊन आपली सुटका होणार नाही.

मग घरी काही करूच नये काय? करावे, आणि पुष्कळ करावे. परंतु जे शाळा करू शकत नाही ते करावे. तीस मुलांच्या वर्गात एका बाईंना एका मुलाशी अर्धा तास सलग बोलता येत नाही; घरी ते बोलता येते. भिजवून मोड आणलेले वाल सोलावयास मुलास जवळ बसवावे : अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत दाणा धरून तो मोडू न देता साल सरकवणे, यात बोटांची तीच पकड तयार होते जी पुढे पेन्सिल धरण्यास लागते, आणि ती कोणत्याही शिकवणीच्या फीवाचून तयार होते. सोललेले वाल एका वाटीत, साले दुसरीत, कुजका दाणा बाजूला, हे वर्गीकरण झाले. कोणत्या वाटीत जास्त, ही तुलना झाली. दहा-दहाचे ढीग लावले की दशकाची ओळख झाली. लोकलने वाशीहून बेलापूरला जाताना सानपाडा, जुईनगर, नेरूळ, सीवूड्स अशी स्टेशने क्रमाने मोजावीत, आता कोणते गेले आणि पुढचे कोणते ते विचारावे. फलाटावरील देवनागरी पाटीत ‘नेरूळ’चा ‘न’ दाखवावा आणि ‘न’ने आरंभ होणारे आणखी शब्द शोधावेत. रात्री गोष्ट सांगावी आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मुलाच्या तोंडून ऐकावी. ती सांगताना ‘आधी’, ‘मग’, ‘म्हणून’ या शब्दांनी तो जो क्रम आणि कार्यकारण जोडतो, तेच पुढे निबंधात आणि गणिताच्या उदाहरणात कामास येते. लेखन हा या साऱ्या इमारतीचा वरचा मजला आहे. पाया न घालता तो चढवू पाहिल्यास तो ढासळणारच.

येथे मी विशेषतः तुर्भ्याच्या बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडी बांधवांस, दिवाळ्याच्या बंदरावर मासळी निवडणाऱ्या कोळी भगिनींस आणि ज्यांच्या भातखाचरांवर हे नगर उभे राहिले त्या आगरी कुटुंबांस उद्देशून बोलतो. “आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय शिकवणार?” असे म्हणून आपल्या मिळकतीचा मोठा हिस्सा आपण शिकवणीत घालता. शिकवणीच्या या धंद्याने मुलांचे जे नुकसान केले त्याहून मोठे नुकसान आपले केले : आपणास आपल्याच ज्ञानाची लाज वाटावयास लावली. जी आई आपल्या चार वर्षांच्या लेकीला बोंबील, मांदेली, निवटी आणि चिंबोरी ही नावे, त्यांचे आकार आणि ती भरती-ओहोटीच्या कोणत्या वेळी सापडतात हे सांगते, ती तिला शब्दसंपत्ती आणि निरीक्षण एकाच वेळी देत असते. जो बाप कांद्याच्या गोणीचे वजन हाताने अजमावून सांगतो, तो मुलास अंदाज शिकवू शकतो, आणि अंदाज हा गणिताचा प्राण आहे. ही विद्या आपल्या घरी आहे. ती देण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही.

इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मूल मागे पडेल, ही भीती मी हलकी लेखत नाही. परंतु घरी तुटक इंग्रजी बोलण्याने इंग्रजी येत नाही आणि मातृभाषा मात्र जाते. “बेटा, कम, मिल्क पी, फास्ट” अशा चार शब्दांत ज्या मुलाचे घरचे संभाषण संपते, त्यास ‘का?’ हा प्रश्न पूर्णपणे विचारता यावा एवढी भाषा कोणतीच मिळत नाही. युनेस्कोने १९५३ सालीच मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला होता. एका भाषेत ज्याचा विचार घट्ट झाला, तो दुसरी भाषा त्यावर उभी करतो. मराठी घरात मराठी बोलावे. आणि आपल्या इमारतीतील तमिळ, गुजराती, भोजपुरी कुटुंबांनीही आपापली भाषा निःसंकोच बोलावी.

“वेळ कुठे आहे?” हा दुसरा आक्षेप. मुंबईहून आठ-नऊ वाजता परतणाऱ्या आईबापांचे कष्ट मला ठाऊक आहेत. परंतु वही पुरी करून घेण्यासाठी, रागावण्यासाठी आणि रडे थांबवण्यासाठी जो तास आज खर्च होतो, तोच तास मोकळा केला तरी पुरे आहे. नव्याने काढावा लागत नाही. घरात आजी-आजोबा असतील, तर त्यांच्या हाती मोबाइल न देता मूल द्यावे आणि मुलाच्या हाती मोबाइल न देता आजोबांचा हात द्यावा.

सबब, प्रत्येक पालकास माझी पुढीलप्रमाणे विनंती आहे :

१. सहा वर्षे पुरी होईपर्यंत मुलास कोणतीही शिकवणी लावू नये. लावली असल्यास येत्या महिन्यापासून बंद करावी.

२. घरी लेखनाची सक्ती करू नये. मूल आपण होऊन खडूने फरशीवर रेघोट्या ओढीत असेल, तर त्यास पूर्ण मुभा द्यावी.

३. पुढील पालकसभेत लेखी अर्ज द्यावा : पूर्वप्राथमिक वर्गास गृहपाठ कोणत्या नियमाने दिला जातो? हा अर्ज एकट्याने न देता एकाच वर्गाच्या दहा पालकांनी सह्या करून द्यावा. दहा सह्यांचा अर्ज बाजूस सारणे सोपे नसते.

४. जी शाळा बालवर्गात गाणी, गोष्टी, माती आणि खेळ देते, तिला मागासलेली न म्हणता तिचे जाहीर कौतुक करावे.

५. रोज अर्धा तास मुलाशी आपल्या भाषेत बोलावे, आणि बोलण्यापेक्षा ऐकावे अधिक.

पत्रक वाचून टाकून देऊ नये. आपल्या जिन्यात, आपल्या रेल्वेच्या डब्यात, आपल्या भिशीत आणि आपल्या मित्रमंडळात यावर चर्चा करावी; ज्यास हे पटणार नाही त्याने उघड विरोध करावा, त्याचेही स्वागत आहे. मात्र आपले मूल पुढील वर्षी मोठे होईल, मग पाहू, असे म्हणून कोणी हा प्रश्न पुढे ढकलू नये. कारण पाचवे वर्ष एकदाच येते आणि ते कोणत्याही शिकवणीत पुन्हा भरून मिळत नाही. आज सायंकाळची वही मिटावी आणि मुलास सोबत घेऊन खाली उतरावे.

आपला नम्र,
नेरूळमधील एक पालक