रायटरसाहेबांचा सत्कार आता पुरे

हान्स रायटर हा हिटलरच्या राजवटीत जर्मनीच्या केंद्रीय आरोग्य कार्यालयाचा अध्यक्ष होता. वंशशुद्धीचा हिरीरीनं प्रचार करणारा. बुखेनवाल्डच्या छळछावणीत कैद्यांवर टायफसच्या लसीचे प्रयोग झाले, कित्येक मेले. त्यात या गृहस्थाचा हात होता. आणि माझे समव्यवसायी अजूनही राउंडला पोरांना विचारतात, ‘रायटर्स सिंड्रोमचा ट्रायड सांगा.’

बरं, कर्तृत्व तरी काय? पहिल्या महायुद्धात, 1916 साली, हगवणीनंतर एका लष्करी अधिकाऱ्याला लघवीला जळजळ होते, डोळे येतात, सांधे सुजतात, एवढं त्यानं लिहून ठेवलं. कारण दिलं ते साफ चुकीचं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये फिसँजे आणि लरुआ यांनी हेच लिहिलं होतं. इंग्लंडात ब्रोडीनं तर जवळपास शंभर वर्षं आधी. तरी 1942 मध्ये, अमेरिका जर्मनीशी लढत असताना, बाउअर आणि एंगलमन या अमेरिकी डॉक्टरांनी बारसं केलं ते रायटरच्या नावानं! एंगलमन यांनी निदान नव्वदी ओलांडल्यावर, 2007 मध्ये, सहकाऱ्यांसह ते जाहीरपणे मागे घेतलं. आमच्याकडच्या साठीतल्या प्राध्यापकांना तेवढंही झेपत नाही.

म्हणे, नाव काढलं तर इतिहास पुसला जाईल. कुठला इतिहास? एमडीच्या किती उत्तरपत्रिकांत बुखेनवाल्डचा उल्लेख सापडला, सांगा. त्या नावाखाली तर तो सुखरूप लपून बसला होता.

दुसरी सबब, नवी नावं लांबलचक. फ्रिडरिश वेगेनर हा नाझी पक्षाचा आणि त्याआधी हिटलरच्या तपकिरी शर्टवाल्यांचा सदस्य. छातीच्या विकारतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेनं 1989 मध्ये त्याचा गौरव केला आणि पूर्वायुष्य उघड झाल्यावर 2000 मध्ये तो काढून घेतला. 2011 पासून त्याच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या आजाराला ‘ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलीअँजायटिस’ म्हणायचं ठरलं, तर लगेच जीभ वळेना! त्याच आजारावरचं ‘रिटुक्सिमॅब’ लिहून देताना मात्र ती लोण्यासारखी वळते. शिवाय ‘जीपीए’ म्हणायला कुणी अडवलंय?

आता घरचं पाहा. 1952 मध्ये मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक दुर्मीळ रक्तगट शोधून ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. तपासणीत तो ओ गटासारखा दिसतो, पण ओ गटाचं रक्त चढवलं तर रुग्ण दगावू शकतो. हे काम रायटरच्या टिपणापेक्षा कैक पटींनी मोलाचं. गटाला नाव पडलं ‘बॉम्बे’. शहरानं ते नाव टाकलं, गटानं ठेवलं. भेंड्यांचं नाव लागलं नाही म्हणून आजवर एकाही ब्लड बँकेचं काही अडलेलं माझ्या ऐकिवात नाही.